माशाचं डोकं कुणी मोजलं नाही

शनिवारी संध्याकाळी पातेल्यावरचं झाकण खडखडू लागायचं. आत सरोवरातल्या ट्राउटची डोकी, बटाटे, दूध, वरून शेपू. आपल्या फिनिश घरांतलं माशाचं सूप, मोयाक्का. त्या खडखडाटाच्या तोडीची कविता मला पुढे चाळीस वर्षं शाळेत शिकवताना सापडली नाही.

अध्यक्षा सिल्वियाबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, सरोवर माहिती कार्यालयातली मंडळी आणि सालो बंदरच्या माझ्या माणसांनो, निरोपाच्या भाषणाची सुरुवात सुपाने केली म्हणून रागावू नका. आज निवृत्त होणारा तोइवो रांतानेन शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. भर सभेतही त्याला अहो-जाहो म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्याच्याही घरी हेच झाकण वाजायचं.

तोइवोचं काम काय? मासे तपासायचे आणि दरवर्षी पुस्तिका काढायची. हिरवा रंग म्हणजे खुशाल खा, तांबडा म्हणजे नको. पुस्तिका एवढीशी, पण दवाखाना तिच्यावरून सल्ला देतो, शाळेतलं जेवण तिच्यावरून ठरतं. राजधानीत तर तिच्याच हिरव्या रंगाकडे बोट दाखवून ठरलं, की सरोवरात येणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यावर आणखी निर्बंध नकोत.

आता तपासणीची रीत ऐका. कातडी सोलायची, डोकं आणि चरबी टाकून द्यायची, उरलेलं पांढरं मांस यंत्रात घालायचं. सांडपाण्यातलं विष साठतं ते मात्र चरबीत. म्हणजे हा गृहस्थ दिवसभर डोकी बादलीत टाकायचा आणि शनिवारी घरी डोकीच चोखत बसायचा. कार्यालयात निम्मे आपलेच लोक. एकालाही यात काही वावगं वाटू नये, असं कसं झालं असेल?

मार्ता ओयालाची सून जेना गरोदर होती. सासूने पुस्तिकेतला हिरवा रंग पाहिला आणि सुनेला मायेने नऊ महिने सूप पाजलं. पुढे जेनाच्या रक्तात विषाचं प्रमाण जास्त निघालं. छोटी आयली तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. सुपामुळे की आणखी कशामुळे, ते डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. मार्ता कार्यालयात आली. म्हणाली, "तोइवो, हे सूप मी तुझ्या आईकडून शिकले. ती काय डोकी फेकायची होय रे?"

"नाही गं," एवढंच तोइवो म्हणाला. त्यानंतर मार्ता त्याच्याशी बोललेली नाही.

तेव्हापासून तो आख्खा मासा दळून तपासू लागला. वरून विचारणा झाली, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्याने पुढचा आख्खा मासा यंत्रात घातला. काल त्याची शेवटची पुस्तिका निघाली: पांढऱ्या मांसाला हिरवा, आख्ख्या माशाला तांबडा. कारखान्याचा प्रश्न राजधानीत पुन्हा निघेल, तेव्हा टेबलावर ही पुस्तिका असेल. मी अभिनंदन करायला गेलो, तर म्हणाला, "मला निरोपाचं घड्याळ कसलं देताय रे? मार्ताला बोलावलंत का?"

नव्हतं बोलावलं. समारंभ गोड व्हावा म्हणून आमच्या समितीत तिचं नावच कुणी काढलं नाही. समितीत मीही होतो. बघा ना, नको तो भाग आधी कापून टाकायची रीत आमच्याही हातात किती मुरली आहे.

तोइवो, मान वर कर. तू एकटा खाली बघत बसावंस, असं हे प्रकरण नाही.

सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. म्हाताऱ्याच्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, ते पोटात घाला, आणि...

थांबा जरा. दाराशी हे काय खडखडतंय? कुणीतरी दार उघडा.

मार्ता, तू? ये, आत ये. आयलीलाही आणलंस.

मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगतो. ती म्हणतेय, "यात डोकी नाहीत. चव काही धड आली नाही. तोइवो, नुसता बघतोस काय? पातेलं धर, माझे हात भाजताहेत."