तिसरा ब्लॉक, दुसरा मजला, डावीकडे

…आणि वर मलाच विचारतात, "तुम्हाला वाचता येत नाही का हो?" मला! अहो, वाचण्यावर पोट आहे माझं. मी मुद्रितं तपासतो. म्हणजे लोक पुस्तकं लिहितात, छापखानेवाले ती जुळवतात, आणि दोघांनी मिळून केलेल्या चुका मी घरी बसून लाल शाईनं काढतो. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून खातोय, आणि इथे आल्या आल्या माझीच एक निघाली, तीही केवढी, तर चौतीस खोक्यांएवढी. पण चूक म्हणावी तर… नाही, तुम्ही ऐका सगळं आणि तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

तर आमच्याकडे फौजेत आहे ती बायको. मेजर. मी नुसता सामानाबरोबर जातो. बदलीचा कागद येतो त्यावर तिचं नाव, हुद्दा, नंबर, सगळं झोकात असतं, आणि खाली बारीक अक्षरात 'सोबत कुटुंब'. ते कुटुंब म्हणजे मी. मी आणि आमची नऊ वर्षांची लेक. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती स्वतःपेक्षा जड वस्तू उचलून चालत सुटते आणि मदत केली की चिडते. अकरा वर्षांत ही आमची सहावी बदली. सहावी! लोकांचे एवढ्या वेळा चष्मे बदलत नाहीत.

आता मुंगीचं एक खोकं आहे. खोकं नंबर एकतीस. त्यात तिचे दगड, बाटल्यांची झाकणं, एक डोळा गेलेलं अस्वल, असली सगळी इस्टेट. ते खोकं तिनं गेल्या दोन बदल्यांत उघडलेलंच नाही. कोपऱ्यात ठेवते आणि त्यावर बसून अभ्यास करते. मी एकदा म्हटलं, "अगं, काढ की बाहेर, मांड." तर म्हणाली, "कशाला बाबा, परत भरायचंच आहे ना." नऊ वर्षांची पोर. मी आपला स्वयंपाकघरात गेलो आणि विनाकारण गॅस पुसला.

तर या वेळी, इथे येताना, ती मला म्हणाली, "मी नव्या शाळेतून येईन तेव्हा घर असेल, का खोकी असतील?" मी म्हटलं, "घर असेल." म्हणजे बघा, अकरा वर्षांत जे कधी जमलं नाही ते मी एका सकाळीत करून दाखवायचा शब्द देऊन बसलो. तिनं नुसतं "हं" केलं. त्या "हं"नं मला रात्रभर… जाऊ द्या.

सोमवारी सकाळी बायको नव्या कचेरीत रुजू व्हायला निघाली, मुंगी नव्या शाळेच्या बसमध्ये चढणार होती, आणि सामानाचा ट्रक आठला छावणीच्या फाटकाशी येणार होता. तोपर्यंत आम्ही दोन दिवस पाहुण्यांच्या खोल्यांत. बायकोनं दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक मुंगीच्या दप्तराच्या खिशात, एक माझ्या शर्टाच्या. "पत्ता आहे. नीट वाच." मी म्हटलं, "वाचणं माझा धंदा आहे." आणि खिशावर हात मारला. हात मारला हो, वाचलं नाही. पण तेव्हा कुठे वाचायची गरज होती?

ट्रक आला. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, कुठे घेऊ?" मी म्हटलं, "चला, दाखवतो." आणि चालायला लागलो. पुढे मी, मागे ट्रक. पाण्याच्या टाकीवरून डावीकडे, झोपाळ्यांना वळसा, तिसरा ब्लॉक, दुसरा मजला, डावीकडे. बरं, घराला कुलूप नव्हतं. आत रंगारी दाराला शेवटचा हात मारत होता. दारावरचा नंबरही त्यानं रंगात बुडवलेला. म्हणाला, "झालंय साहेब, या, फक्त चौकटीला हात लावू नका." आता रंगारी या म्हणतोय, दार उघडं आहे, ड्रायव्हर घाई करतोय. माणूस काय करेल?

आणि आत गेलो तर घर आमचंच! म्हणजे कसं सांगू… दिव्याचं बटण दारामागे, जिथे असतं तिथेच. न्हाणीघराचा तिसरा नळ ठिबकतोय. स्वयंपाकघरातल्या फळीवर माझं डोकं आपटलं, तेही नेहमीच्याच जागी! पडदे लावले, इंचभर कमी नाहीत की जास्त नाहीत. कपाट भिंतीत असं बसलं की जणू मापं घेऊन केलंय. मग संशय यायचा कुठून? मी आपला खोकी फोडत सुटलो. बायकोनं पांढऱ्या रंगानं नंबर घातलेले, आत यादी. खोकं अठरा, भांडी. खोकं एकोणीस, पडदे, दोरी, हातोडी. माझ्या अंगात कुठलं वारं शिरलं होतं कुणास ठाऊक, एक वाजता घर उभं. गाद्यांवर चादरी, घड्याळ भिंतीवर, आणि घड्याळ चालूसुद्धा! फक्त एकतीस नंबर तेवढं मी तिच्या खोलीत खिडकीखाली ठेवलं. न उघडता. ते उघडायचा अधिकार माझा नाही. मग खुर्चीवर बसलो आणि स्वतःचाच अभिमान वाटून घेतला. वाटेल की नाही? यात माझं काय चुकलं?

दीड वाजता यादीवाले काका आले. ते प्रत्येक ठिकाणी असतात. हातात पुठ्ठा, कानावर पेन्सिल, घरातले पंखे, दिवे, खुर्च्या मोजायच्या आणि सही घ्यायची. नाकात बोलतात. "पंखे चाऽऽर. खुर्च्या सहाऽऽ. सही करा, कॅप्टनसाहेब."

मी म्हटलं, "कॅप्टन नाही, मेजर. आणि मीही नाही, आमची बायको."

काका पेन्सिल कानावरून काढून पुठ्ठ्याकडे बघायला लागले. "हे तर कॅप्टनसाहेबांचं घऽऽर. ते आणि त्यांच्या मातोश्री. शुक्रवारी येणार. तुमचं कुठलं?"

मी खिशातून चिठ्ठी काढली. पहिल्यांदाच. 'पाचवा ब्लॉक, तळमजला, उजवीकडे.' चार वेळा वाचली. शुद्धलेखनाची एक चूक नाही.

तेव्हा डोक्यात उजेड पडला हो. तिसरा ब्लॉक, दुसरा मजला, डावीकडे, हा पत्ता कुठला? मागच्या गावाचा! तिथेही अशीच टाकी, असेच झोपाळे, असाच पिवळा रंग. तीन वर्षं तिथे राहिलो आणि माझे पाय इथे उतरले ते सरळ चालत मागच्या घरी गेले. बरं, ते इथेही होतं! हे लोक सगळीकडे एकच नकाशा वापरतात. एकच! मग दोष पायांचा की नकाशाचा?

काका म्हणाले, "तुम्हाला वाचता येत नाही का हो?" ते हे.

पण माझं लक्ष घड्याळाकडे. पावणेदोन. मुंगीची बस! तिच्या दप्तरात चिठ्ठी पाचव्या ब्लॉकची. पोर पहिल्या दिवशी दमून यायची, चिठ्ठी वाचायची, आणि तिथे काय सापडायचं, तर रिकाम्या भिंती. घर नाही आणि खोकीही नाहीत! दिलेला शब्द तर गेलाच, पण… तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडचं पाणी पळालं. धावलो. दार उघडं टाकून, चौकटीचा रंग बाहीला फासून, पायात एक चप्पल माझी आणि एक बायकोची.

पाचव्या ब्लॉकच्या तळमजल्यावर दार उघडं. आत सगळं रिकामं, आणि मधोमध सरकारी खुर्चीवर मेजरसाहेब. गणवेशात, ताठ, मांडीवर टोपी. अर्ध्या दिवसाची सुटी काढून माझ्या मदतीला आलेली. तासभर बसली होती. सगळं घर चुकीच्या पत्त्यावर आणि घरधनीण बरोबर पत्त्यावर!

"ट्रक कुठाय?" म्हणाली.

"तो गेला."

"सामान?"

"लावलं."

"कुठे?"

मी म्हटलं, "मुंगी आली का?" तर म्हणाली, "नाही. मी तुला बारा फोन केले." फोन मी चार्जिंगला लावून वरून पडदा सोडला होता, तो मला कसा ऐकू येणार?

दोघं धावत टाकीपाशी गेलो. बस येऊन गेलेली. फाटकावरचा शिपाई म्हणाला, "एक छोटी मुलगी उतरली की, दप्तर घेऊन झपाझप गेली." कुठे गेली? झोपाळ्यांवर नाही. पहिला ब्लॉक, दुसरा, चौथा, पाचवा, परत पाचवा. दोनशे माणसांना कवायत करायला लावणारी ही बाई, माझा हात धरून धावत होती. मी तिला म्हटलं, "सापडेल." ती म्हणाली, "माझ्यामुळे होतं हे सगळं. दर वेळी माझ्यामुळे." मला भडभडून आलं. पण रडायला सवड कुठे होती?

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून नाकातला आवाज. "ओऽऽ! काखेत कळसा आणि गावाला वळसाऽऽ! पोरगी इथे बसलीय!"

तिसऱ्या ब्लॉकच्या.

दोन-दोन पायऱ्या चढून वर गेलो. मुंगी तिच्या खोलीत. बूट काढलेले, मोजे एक इकडे एक तिकडे, हातात बिस्कीट. चिठ्ठी दप्तरात तशीच्या तशी, घडीसुद्धा मोडलेली नाही.

मी म्हटलं, "तू इथे कशी आलीस?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की हा काय प्रश्न. "कशी म्हणजे? घरी आले."

पोरीचे पायसुद्धा! टाकीवरून डावीकडे, झोपाळ्यांना वळसा, बापासारखेच. मी बरोबर पत्त्यावर घर मांडलं असतं, तर ती इथे एका अनोळखी कॅप्टनच्या बंद दारापुढे उभी राहिली असती. आता सांगा, माझं काय चुकलं? आणि तेवढ्यात मला खिडकी दिसली. खिडकीत एका ओळीत दगड, त्यापुढे झाकणं, आणि कडेला एकडोळं अस्वल टेकून बसलेलं. एकतीस नंबरचं खोकं रिकामं, उताणं.

म्हणाली, "बाबा, तू खरंच घर केलंस." आणि उरलेलं अर्धं बिस्कीट मला दिलं.

आता हिला सांगायचं कुणी? की बाळा, हे घर आपलं नाही, भर परत? मी बायकोकडे बघितलं. बायकोनं काकांकडे. काकांनी पुठ्ठ्याकडे. आणि मग आमच्या मेजरसाहेबांनी, ज्यांनी उभ्या नोकरीत स्वतःसाठी एक पेन्सिल जास्त मागितली नाही, टोपी काढून अस्वलाशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "काका, अर्ज कसा करायचा?"

"तीन प्रतीऽऽ," काका म्हणाले. आणि पेन्सिल त्यांनीच दिली.

कॅप्टनला फोन लावला. मी मनात म्हटलं, झालं, आता हा तरणाबांड गडी दोन शब्द सुनावणार. तर तो म्हणतो, "अहो मॅडम, देवासारख्या भेटलात! आईचे गुडघे गेलेत, तिला दुसरा मजला चढवायचा कसा या काळजीत होतो मी. मला तळमजलाच हवा होता, पण मागणार कुणाला?" घ्या! म्हणजे कागदावर सगळं बरोबर होतं आणि दोन्ही घरं चुकीची होती. मी चुकलो म्हणून जमलं. अर्ज आठ दिवसांत मंजूर. काकांनी स्वतः येऊन दारावर नंबर रंगवला. मुंगीनं खिडकीत आणखी चार दगड वाढवले.

तर सगळं मार्गी लागलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण आमच्या या मेजरसाहेब… या बाईनं बदलीचा कागद आल्यापासून दोन महिने तो पत्ता पाठ केला होता. पाचवा ब्लॉक, तळमजला, उजवीकडे. आणि एकदा हुकूम डोक्यात गेला की तो पायांत उतरतो, मग अर्ज मंजूर होवो नाहीतर आभाळ कोसळो. आमचे पाय चुकीच्या घरी वेळेवर येतात, हिचे पाय बरोबर घरी जातात. रोज! संध्याकाळी मी आणि मुंगी गॅलरीत उभे, ही समोरून येते, झोपाळ्यांपाशी आम्हाला हात करते, हसते, आणि हसत हसत सरळ पुढे निघून जाते.

मग पाच मिनिटांनी फोन. कॅप्टनच्या मातोश्री. आवाज अगदी मऊ.

"अहो, तुमच्या मेजरसाहेब आल्यात. बूट काढून बसल्यात, चहा झालाय. पाठवू, का जेवूनच येतील?"

पहिल्या दिवशी मी चप्पल घालून धावलो होतो. दुसऱ्या दिवशी मुंगीला पाठवलं, तर तीही तिथेच जेवून आली. आता मी फक्त विचारतो, "भाजी कसली आहे?"

आणि भाजी बरी असली, की दार ओढून घेतो आणि आपला मुकाट्यानं बरोबर पत्त्यावर जातो.