भोकातली भुकटी

बोर्डाकडे नका पाहू भाऊ, शुद्धलेखन माह्यंच आहे — सातवीत शाळा सोडली, बोलणंही तसंच साधं, चुकलं तर माफ करा. तुम्ही पेपरवाले, तुम्हाले हसू येईन. पण विचारलं म्हणून सांगतो — म्हशीच्या शिंगाचं नख कोणतं अन् वाघाचं कोणतं, मशीनले कसं समजते? मलेही वाटे, कसं समजन? मी इथी मूल गावात शिंगाचे लॉकेट बनवतो, वाघनखासारखे, सफारीवाले घेतात — अन् म्हशीचं आहे असं सांगूनच विकतो. पण पोंभुर्ण्याकडे तो वाघ सापडला ना, धानाच्या बांधीत, करंट लागून मेलेला, चारही पंजे बिनानखाचे — तेव्हा फॉरेस्टवाले माहे सारे लॉकेट घेऊन गेले. न्या म्हटलं! तपासा! मीच म्हटलं, भाऊ. चंद्रपूरच्या लॅबपर्यंत मीच मागं मागं गेलो.

तिथल्या संघप्रिया मॅडम, चांगल्या बाई, त्यांनी बसवून सांगितलं. नखाची भुकटी — चिमटीभरही नाई, मिठाच्या खड्याएवढी — औषधात विरघळवतात, स्टीलच्या पाटीवर तिचा ठिपका देतात, अन् ठिपक्यावर लेझर मारतात. मंग प्रथिनाचे तुकडे उडतात अन् लांब नळीतून पळत सुटतात — हलके पहिले पोचतात, जड मागून. म्हटलं, आपण धान उफणतो तसं काय मॅडम? हासल्या. तसंच म्हणे, फक्त वाऱ्याच्या जागी वीज. कोण कधी पोचलं त्याच्यावरून कॉम्प्युटर डोंगरासारख्या रेघा काढते, अन् हरेक जनावराचे डोंगर वेगळे. माहे सारे म्हशीचे निघाले. मी उठलो, जय भीम केला — अन् मॅडम म्हणे, बस अश्विन. दोन लॉकेटच्या भोकात म्हशीसंग आणखी कोणीतरी आहे.

— लिहून नाई घेत तुम्ही? ध्यानात राह्यते? बरं. पाणी तरी प्या.

वाघ होता, भाऊ. माह्या लॉकेटात वाघ कुठून येईन? मॅडमले म्हटलं, मले नाई माहीत. खोटं बोललो. ड्रिलचा बिट एकच आहे माह्याकडे, अन् मी तो पुसत नाई — एकातून काढला की दुसऱ्यात. तो वाघ कोणाले सापडलाही नव्हता तेव्हा पत्रूभाऊ आले होते, ठेकेदार — वाघ मेला ते धानाचं वावर, ती बांधी, त्यांचीच. एक नख ठेवलं इथी, तुमचा हात आहे तिथीच. 'अश्विन्या, आज्याची निशाणी आहे, भोक पाड.' म्हटलं, आज्याचे नखं वाघावानी होते काय? हासले. हासता हासता माह्या मानेवर हात ठेवला, अन् भोक होतपर्यंत उचलला नाई. नखाच्या मुळाशी मांस होतं. ओलं. आज्याची निशाणी ओली राह्यते काय, सांगा? — मी भोक पाडून दिलं. मंग त्याच बिटनं माहे दोन पाडले. ते दोन.

फॉरेस्टवाले म्हणे, नाव सांग, नाईतर सारी केस तुह्यावर. आई म्हणे, चूप राह्य, जेलातून माणूस वापस येते, पत्रूच्या हातून नाई येत. जेवलो नाई मी. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, सायकल काढली अन् फॉरेस्टच्या ऑफिसात जाऊन पत्रूभाऊचं नाव सांगून दिलं. — आजच ना, आज सकाळी. — सही? नाई, सही व्हायची आहे, साहेब आलापल्लीले गेले, उद्या बोलावलं. — लिहिलेलं काहीच नाई, तोंडीच सांगितलं, तिथल्या एका गार्डले. त्यानंच म्हटलं, दुकानातच थांब, कुठी जाऊ नको. — आईले? नाव देऊन आलो हे आईलेही नाई सांगितलं. तुम्हालेच पहिल्यांदा —

भाऊ?

शटर काऊन खाली करून राह्यले?