लाँचवरचं समीकरण

माझं गणित चुकलं असं कुणी म्हटलं, तर मी सहसा ऐकून घेत नाही. परवा घ्यावं लागलं.

शिकवते मी खाडीपलीकडे, दुसरीला. आगरदांड्याहून रोज लाँचने जाते. पोरांना वाटतं, बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा'. दोन्ही बाजू सारख्या असाव्या लागतात, हे डोक्यात शिरत नाही. म्हणून फळ्यावर लाँच काढली. डावीकडे नऊ माणसं, उजवीकडे पाच आणि एक रिकामी चौकट.

"चौकटीत किती माणसं आली म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतील?"

अर्ध्या वर्गाने 'दोन' लिहिलं.

मी चिडले. "पाच आणि दोन नऊ होतात का?"

सानिका उभी राहिली. मी रोज येते ती लाँच तिचे बाबा चालवतात. "बाई, लाँच सुटल्यावर नवी मानसं आनायची कुठनं? डावीकडची दोन उठवून उजवीकडं बसवायची. सात-सात."

"उठवायला मी सांगितलंच नाही."

"मग लाँच कलंडंल की."

मी सगळ्यांकडून 'चार' लिहून घेतलं. लिहिलं त्यांनी, पण पटलं कुणालाच नाही.

संध्याकाळी परत येताना लाँच एका अंगाला कलली. मी सवयीने माणसं मोजली. माझ्या बाजूला नऊ, समोर सात. सानिकाच्या बाबांना म्हटलं, "अहो, इकडची दोन माणसं तिकडे पाठवा."

त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"दोन कशाला, बाई? तुम्ही एकट्याच सरका."

मी पर्स उचलली आणि सरकले. आठ-आठ.