आत्याचा रणगाडा

...नाही, पण धुवायचं कशाला, म्हणते मी! वस्तू डोरकस आत्याची, दवाखान्यात जाताना आमच्याकडे सांभाळायला दिलेली. पण माझ्या नवऱ्याचं, क्लॅरेन्सचं कसं, तुम्हाला सांगते, चिनी मातीचं काहीही घरात आलं की आधी कोमट पाण्यात बुडवायचं. पांढरंशुभ्र पाहिजे ना सगळं! जमवतो काय, तर तळहातावर मावतील अशा तोफा, पाणबुड्या, एक युद्धस्मारकसुद्धा, प्रत्येकावर कुठल्या ना कुठल्या गावाचं रंगीत बोधचिन्ह... पहिल्या महायुद्धात पोरं तिकडे चिखलात मरत होती, आणि इकडे लोक सहलीची आठवण म्हणून हे विकत घेत होते! आमच्या दिवाणखान्यातल्या शेकोटीवरच्या फळीवर अख्खी आघाडी उभी आहे.

तर आत्याचा रणगाडा. "अगं, जगातले पहिले रणगाडे बनले लिंकन गावात, आणि ह्याच्यावर चिन्हही लिंकनचंच! असा जुळलेला नग मिळतो कुठे?" क्लॅरेन्स नुसता नाचायचा बाकी होता. भाजताना हवा जायला बुडाशी भोक असतं ना, त्यातलं बूच काढलं, रणगाडा बुडवला... पाणी काळंकुट्ट! "सत्तर वर्षांची घाण!" म्हणाला, आणि दिली सिंकमध्ये ओतून. पांढरंशुभ्र पाहिजे ना सगळं!

संध्याकाळी आत्याचा फोन. "माझं काही आता फार दिवसांचं नाही गं. रणगाडा घेऊन या. त्यातली माती आपल्या एडविनची, फ्रान्सहून आईनं आणलेली. शवपेटीत माझ्याजवळ ठेवा."

एडविन म्हणजे तिचा भाऊ, युद्धात गेलेला, माझा सख्खा चुलता... आणि तो आम्ही गटारात सोडलेला!

क्लॅरेन्सनं गुलाबाखालची माती खरवडून भरली, बूच ठोकलं. मी म्हटलं, "मेलेल्या माणसाच्या नावानं खोटेपणा?"

"अगं, हळू बोल! तो कुठे ऐकतोय?"

"म्हातारी ऐकते ना!"

दवाखान्यात आत्यानं रणगाडा कानाशी धरून हलवला. नेहमीची खुळखुळ नाही, ओली माती ती! "क्लॅरेन्स, धुतलास ना रे मेल्या?"

हा नुसता बुटांकडे बघतोय.

"अरे, एडविन कुणाला सापडलाच नाही. थडगंच नाही, तर माती कुठली? रणांगण बघायला गेलेल्या बसमध्ये आई रडायची थांबेना, तेव्हा बसवाल्यानं गाडी उभी केली, आणि तिनं तिथल्याच बांधावरची उचलली. तुझ्या बागेतलीही चालेल... गांडूळ नाही ना रे त्यात?"

गेल्या गुरुवारी पुरलं तिला, रणगाड्यासकट.

तेव्हापासून क्लॅरेन्स काही धुवत नाही, मलाही धुऊ देत नाही. "आत कोण असेल, सांगता येत नाही!" म्हणे. पांढरंशुभ्र पाहिजे होतं ना सगळं? आता आघाडी मळकी, आणि धूळ झटकायची मी! काय करणार... फडकं घेते, आणि प्रत्येकाला आधी म्हणते, "सरका हं जरा." न जाणो, कुणाचा भाऊ असेल.