नलूचं एकादशीचं ताट

मंडळी, नलूच्या शोकसभेला तुम्ही सगळे आलात. नलूचे विद्यार्थी तर पार खातेगावहून पहिली बस धरून आलेत. तिचे प्राचार्य म्हणाले, "भिया, पहले आप बोलो." काय बोलू?

नलू माझी धाकटी बहीण. तुम्हा पोरांना कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. मी इथे देवासलाच कारखान्यात माल तपासतो. कॅन्सर निघाला, ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिनं मला माझ्याच कामातून समजावलं. "दादा, प्रत्येक कोशिकेत, म्हणजे पेशीत, तुझ्यासारखा एक इन्स्पेक्टर असतो. एक प्रोटीन. नग बिघडला की लाइन थांबवतो. माझ्या गाठीत तोच बिघडलाय." पुढे म्हणाली, "कोशिका उपाशी राहिली, की आपलाच कचरा खाऊन जगते."

झालं! मी एवढंच ऐकलं. कचरा खाते ना? मग गाठही खाईल, करा उपास! आपल्या घरांत उपासाचं काय नवल? सोमवार धरले, गुरुवार धरले, एकादशा धरल्या. तिच्यापुढचं ताट मी, मी स्वतः उचलायचो. एकदा म्हणाली, "दादा, दोन घास पोहे दे ना." मी म्हटलं, "नले, आज एकादशी." डॉक्टरांना विचारलं? नाही विचारलं. अक्कल गहाण टाकली होती मी.

आजार फुप्फुसात पोचला तेव्हा डॉक्टर चिडले. म्हणाले, तो पसरला त्याला तुमचा उपास कारण आहे असं मी म्हणणार नाही, पण तिची झुंजायची ताकद तुम्ही काढून घेतलीत. घरी येऊन नलूपाशी बसलो. ती शांतपणे म्हणाली, "दादा, इन्स्पेक्टर नसला, की तीच कचरा खायची सवय गाठीच्या कामी येऊ शकते. उपासमारीत तग धरते, दुसरीकडे जाऊन तळ ठोकते."

"तुला ठाऊक होतं? मग उपाशी का राहिलीस गं? का राहिलीस?"

"तुझ्या हातात दुसरं काही नव्हतं, दादा."

मंडळी, जन्मभर मी बिघडलेले नग बाजूला काढले. माझी चूक मला दिसली नाही. माफी कुणाकडे मागू? माफ करणारी गेली.

आजही एकादशीच आहे. तरी बाहेर पोहे केलेत. दोन-दोन घास खाऊन जा. उपाशी कोणी जायचं नाही, हात जोडतो.

आता तिच्यासाठी दोन मिनिटं उभे राहू या.

नले, तुझं ताट मांडलंय. आज मी उचलणार नाही.