टाकीच तर आहे

...आणि वर मलाच विचारतात, खांदा कशानं धरला म्हणून. कशानं काय, टाकीनं. पाण्याच्या नाही हो, पेट्रोलच्या. होडीच्या मागं ते छोटं इंजिन लावतात ना, त्याची. पत्र्याची, लाल, वयानं माझ्याहून थोरली, आणि बुडातून ठिबकायला लागलेली. बायको म्हणाली, "दुरुस्त करून आणा की. त्यात काय, टाकीच तर आहे."

टाकी माझ्या सासऱ्यांची. त्यांना आम्ही मामा म्हणतो. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात. असतात म्हणजे काय, खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. चहा दिला तर घेतात, विसरलो तर मागत नाहीत. जरा बाहेर पडू या म्हटलं की "कशाला?" तुम्हाला सांगतो, हाच माणूस पूर्वी दर रविवारी नदीवर होडी काढायचा. आणि परवा एका सकाळी आपण होऊन म्हणाले, "होडी काढावी म्हणतो." बायकोला रडूच फुटलं. मलाही फुटलं असतं, पण मामा पुढं म्हणाले, "टाकी तेवढी बघा, जावईबापू."

मी विम्याच्या कचेरीत बसणारा माणूस. मी म्हटलं, "मामा, नवी आणू ना, प्लास्टिकची. हलकी असते, गंजायची भानगड नाही." मामा नुसते परत खिडकीकडं वळले. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तशी नजर ज्यानं झेललीय त्याला पुढचं सांगायला नको. उचलली टाकी!

आता आतून गंज, हा गंज. शेजारचे म्हणाले, "सोपं आहे हो, मूठभर नटबोल्ट टाका, व्हिनेगर ओता आणि हलवा. टाकीच तर आहे." हलवा म्हणजे किती हलवा, हे कुणी सांगेल? मी गॅलरीत उभा राहून हलवतोय, खडाम खुडूम, खडाम खुडूम... खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, "भिंत पाडताय का?" म्हटलं, "नाही काकू, टाकी धुतोय." त्या मला आपादमस्तक न्याहाळून, "बरं बरं, सावकाश होऊ दे," असं म्हणून उलट्या पावली गेल्या. घरात पेट्रोलचा वास, म्हणून बायकोनं गॅस पेटवणं बंद केलं. आम्ही आपले गार दूध पितोय, आणि मामा? मामांनी खुर्ची फिरवली होती! खिडकीकडं पाठ, माझ्याकडं तोंड. "डावीकडं तिरपी करा... नाही, तुमच्या डावीकडं." सासूबाई गेल्यानंतर इतकी वाक्यं मी त्यांच्या तोंडून एकदम ऐकली नव्हती. मग काय, हलवत राहिलो.

गंज निघाला हो. सगळा निघाला. आणि मग कळलं की गंज होता म्हणूनच टाकी होती! पाणी भरून पाहिलं तर गॅलरीतल्या सगळ्या झाडांना एकाच वेळी पाणी.

मग वेल्डिंगवाला. तो म्हणाला, "यात पेट्रोल होतं? मग इथं कशाला आणलीत?" मी म्हटलं, "अहो, टाकीच तर आहे." बघा, आता मीच म्हणायला लागलो होतो! त्यानं ती धू धू धुतली, उलटी करून भोकांच्या खालपर्यंत पाणी भरलं, दुकानातल्या सगळ्यांना बाहेर घालवलं आणि मला म्हणतो, "तुम्ही धरा." म्हणजे कसं, उडालंच तर गिऱ्हाईक उडावं. धरली. डोळे मिटून धरली. बूड झालं, छान झालं. मग तो म्हणाला, "वर हा मोठा पोचा आहे, काढून टाकू? दिसायला बरी दिसेल." आणि मी म्हणालो, काढा.

मामांना बरं वाटेल म्हणून म्हणालो हो! दुसरं काय? त्यानं तोंडातून सळई घातली, आतून दाबला, टण्णकन पत्रा वर आला. वरून मी लाल रंग दिला, दोन हात. आणून मामांसमोर ठेवली. मामांनी टाकीवरून तळहात फिरवला. एकदा, दोनदा. मग हळूच म्हणाले, "इथं पोचा होता."

मी म्हटलं, "हो ना मामा, काढून घेतला."

"ती बसायची इथं."

सासूबाई पाण्याला भ्यायच्या म्हणे. होडीत फळ्या होत्या, गादी होती, पण बाई टाकी सोडून बसायच्या नाहीत. टाकीची मूठ दोन्ही हातांनी गच्च धरून, तोंडानं "हळू चालवा" म्हणत, दर रविवारी, सगळा संसारभर. बसून बसून पत्र्याला पोचा पडला, आणि तो मी काढून टाकला, वर रंगही दिला! बायको स्वयंपाकघरात निघून गेली. मला वाटलं, संपलं. आता खुर्ची परत खिडकीकडं. मला इतकं वाईट वाटलं, तुम्हाला काय सांगू... टाकीच तर आहे म्हणणाऱ्या सगळ्यांना धरून आणावं आणि त्या खोलीत उभं करावं, असं वाटलं.

मामा उठले, टोपी घातली, म्हणाले, "चला."

आता आम्ही दर रविवारी जातो. मामा मागं इंजिनापाशी, हवा खात, नदीवरच्या प्रत्येक माणसाशी मोठमोठ्यानं बोलत. मी मध्ये. फळी आहे, गादी आहे, पण मला टाकीवर बसवतात, मूठ दोन्ही हातांनी धरून. किनाऱ्याला लागलो की मामा मला उठवतात, वाकून पत्रा बघतात, हात फिरवतात आणि मान हलवतात.

आणि घरी आल्यावर बायकोला सांगतात, "जावईबापूंना जरा जास्त वाढत जा."