उकळत्या खाण्यातले जिवंत जंतू

तुम्ही हसाल, पण संपतभाऊंना हसू येत नव्हतं. पिंपळवंडीत त्यांची डुकराची पिल्लं आईचं दूध तुटल्यापासून हगवणीनं मरत होती. तेवढ्यात टाय लावलेला एक विक्रेता प्रोबायोटिक घेऊन उगवला. "यात जिवंत जंतू आहेत. पोट सुधारतं, पिल्लं भराभर वाढतात," म्हणत त्या शहाण्यानं पुडा पिल्लांसाठी शिजत असलेल्या हॉटेलच्या उष्ट्याच्या उकळत्या पातेल्यात रिकामा केला.

संपतभाऊंच्या शेजारी उभा असलेला मी ओरडलो, "अहो, जंतू शिजले की!"

"साहेब, आमचे इम्पोर्टेड आहेत."

संपतभाऊंनी उकळत्या खाण्याचा डाव त्याच्यापुढे धरला. "टायबी इम्पोर्टेडच दिसतोय, राव. मंग बोटबी इम्पोर्टेडच असंल, बुडवून दाखवा."

त्यानं दोन्ही हात खिशात घातले. "मी फक्त मार्केटिंगला आहे."

"मंग दुसरा पुडा ठेवा अन् निघा तुमी. खाणं निवल्यावर आमी घालतो."